आधी भरतीचं वेळापत्रक, मग पाट्या: कोकणातल्या खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
कोकण किनाऱ्यावरील खाडीकाठच्या सर्व ग्रामपंचायती

स. न. वि. वि.

दिवाळी सरते तोवर आपल्या खाड्यांवर हिवाळी पक्षी स्थिरावलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग मुलाबाळांना घेऊन कुटुंबं येऊ लागतात. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तेव्हापासून आपल्याही खाडीत असं काही करावं, ही इच्छा गावागावांत बोलून दाखवली जाते. इच्छा चांगली आहे. घरगुती जेवण, होडी, राहण्याची सोय यातून हिवाळ्याचे चार महिने गावात पैसा येऊ शकतो. पण आराखड्याचा कागद समोर आला की त्यात पहिल्या ओळीत मनोरा असतो, दुसऱ्या ओळीत सेल्फी पॉइंट, तिसऱ्या ओळीत पेव्हर ब्लॉक. भरतीच्या वेळांचा उल्लेख कुठेच नसतो. म्हणून हे पत्र.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत जाणाऱ्या बोटींची वेळ भरती पाहून ठरते. ऐरोलीकडून उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच. खाडीवर पक्षी केव्हा आणि किती जवळून दिसतील, हे पाणी ठरवतं; गावाने करायची प्रत्येक सोय त्या वेळेभोवती बसवावी लागते.

ओहोटीला खाडीचं पात्र उघडं पडतं. गाळात किडे, बारीक शिंपले, छोटे खेकडे असतात आणि चिखले, तुतवार, टिलवे, शेकाटे त्या पसाऱ्यावर दूरवर पांगून चरतात. काठावरून ते नुसते ठिपके दिसतात. बाहेरगावचं कुटुंब नेमकं तेव्हा येऊन ‘इथे काहीच नाही’ म्हणत परत जातं. पाणी चढू लागलं की गाळाचा पट्टा आकसतो आणि पक्षी पाण्यापुढे सरकत आपसूक काठाकडे येतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि पाणी फिरल्यानंतरचा दीड-दोन तास, ही पाहण्याची खरी वेळ. ऐन भरतीला गाळ बुडालेला असतो. तेव्हा पक्षी खाजणाच्या बांधावर, मिठागरात किंवा वाळूच्या दांड्यावर एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. त्या जागेकडे कुणालाही नेऊ नका. विसाव्याच्या जागेवरून उठवलेल्या पक्ष्याला दुसरी कोरडी जागा सापडेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उत्तरेला जाण्यासाठी साठवायची चरबी त्यात खर्ची पडते.

वेळ काढण्यासाठी कुणा तज्ज्ञाला बोलावायची गरज नाही. गावातल्या कोणत्याही तांडेलाला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असतो. शुक्ल किंवा कृष्ण पक्षाची तिथी घ्या, पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता भरती. षष्ठीला साडेचार, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. हा हिशेब ढोबळ आहे आणि जागेनुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो; मुंबई-ठाण्याकडे भरती जरा उशिरा येते. शिवाय मुखापासून जितकं आत जावं तितकी ती आणखी उशिरा पोचते. म्हणून आपल्या जेट्टीचा स्वतःचा फरक काढून ठेवा. जेट्टीच्या खांबावर दर वीस सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा. महिनाभर कुणीतरी पाणी कोणत्या रेघेपर्यंत चढलं, केव्हा फिरलं, हे वहीत लिहावं. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना हे काम उत्तम जमतं. भरतीच्या छापील कोष्टकातली बंदराची वेळ आणि आपली वेळ यांच्यात किती मिनिटांचं अंतर आहे, ते एकदा कळलं की हंगामभर उपयोगी पडतं.

वेळेइतकीच पाण्याची उंचीही पाहावी लागते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, मुंबई-ठाण्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे हाच फरक दोन-अडीच मीटरच्या आसपास असतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. तेव्हा पाणी अर्ध्यावरच थांबतं, गाळ पुरता बुडत नाही आणि पक्षी लांबच राहतात. त्या दिवशी आलेल्यांना दुर्बिणीशिवाय फारसं दिसणार नाही, हे फोनवरच सांगून टाका. कुटुंबांसाठी सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे दोन्ही पक्षांतली एकादशी ते चतुर्दशी. भरती सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, पाणी उधाणाकडे चाललेलं असतं, ऊन कोवळं असतं आणि मुलं दुपारच्या जेवणाला घरात परतलेली असतात. दुसरी चांगली जोडी पंचमी-षष्ठीची, तेव्हा पाहण्याची वेळ दुपारी दोन ते साडेचार. प्रतिपदा-द्वितीयेला भरती ऐन दुपारी येते. तापलेल्या गाळावरून हवा लहरते, दुर्बिणीतून पक्षी थरथरताना दिसतो आणि चार वर्षांचं पोर उन्हाने कंटाळून रडायला लागतं.

रविवार आणि तिथी यांचा मेळ दर वेळी बसत नाही. तो बसवण्याचा आग्रह धरू नका. हंगाम सुरू होण्याआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सगळ्या शनिवार-रविवारांची यादी करा, प्रत्येकासमोर आपल्या जेट्टीची भरतीची वेळ आणि पाहण्याची वेळ लिहा, आणि ती यादी पंचायतीच्या फलकावर, होडीवाल्यांच्या नि घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांच्या फोनमध्ये असू द्या. चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ‘किती जण?’ असतो, त्याच्याही आधी ‘अमुक वाजता पोचाल का?’ हे विचारलं जावं.

आता मनोऱ्याबद्दल. उंच मनोरा डोंगरात ठीक. सपाट खाडीवर तो पक्ष्यांना हाकलण्याचं साधन ठरतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसांच्या हलत्या आकृत्या दुरून दिसतात आणि पक्षी काठाजवळ येतच नाहीत. लोखंडी असला तर खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत गंजतो आणि मग धोकादायक म्हणून कुलूप लागतं. त्याच्या खर्चाच्या लहानशा अंशात बांधावर एक बुटका आडोसा उभा राहतो. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद. बांबूचा सांगाडा, कुडाच्या किंवा नारळाच्या झापांच्या भिंती, वर छप्पर. आत आठ-दहा माणसं बसतात. छप्पर आणि मागची भिंत गाळू नका. आत अंधार नसेल तर समोरून सगळी हालचाल दिसते आणि आडोसा असून नसल्यासारखा होतो.

झरोके दोन उंचींवर ठेवा. बाकावर बसलेल्या मोठ्या माणसासाठी जमिनीपासून ११० ते १२० सेंटिमीटर, मुलांसाठी ७५ ते ८०. झरोक्याची उभी फट पंधरा-वीस सेंटिमीटर पुरे. मुलांचा झरोका नसला की बाप मुलाला खांद्यावर घेतो, खांद्यावरचं मूल हात बाहेर काढून दाखवतं आणि अख्खा थवा उठतो. यात मुलाचा काही दोष नाही. झरोक्यांचं तोंड शक्यतो उत्तरेला असावं, कारण हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. ते जमत नसेल तर सकाळच्या जागेसाठी पश्चिमेला आणि दुपारच्या जागेसाठी पूर्वेला. आडोशापर्यंत जाणारी शेवटची पन्नास पावलंही झापांच्या पडद्यामागून जावीत. बहुतेक पक्षी लोक आत बसण्याआधी, वाटेवर चालताना उडतात. आडोशासाठी खारबंदिस्तीचा असलेला बांधच वापरा. कांदळवनाचं एकही झाड तोडायचं नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर बंदी आहे, आणि कांदळवनाजवळच्या कोणत्याही बांधकामाआधी वन विभागाशी बोलून घ्यावंच लागतं.

दुर्बिणी गावाने भाड्याने ठेवाव्यात. आठपट मोठं दाखवणाऱ्या साध्या चार दुर्बिणी पुष्कळ झाल्या. बारापटीच्या घेऊ नका. हात हलला की चित्र हलतं आणि मुलांना पक्षी सापडतच नाही. मुलांसाठीची दुर्बीण हलकी हवी आणि तिच्या दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येणाऱ्या हव्यात. पैसे असतील तर एक मोठी दुर्बीण तिपाईवर बसवा. एकाने पक्षी धरून द्यायचा, बाकीच्यांनी रांगेने पाहायचं. संध्याकाळी भिंगं कोरड्या मऊ फडक्याने लगेच पुसू नयेत. खारा कण काचेवर घासला की कायमचा ओरखडा पडतो. आधी फुंकणीने उडवा, मग पुसा.

होडीचा विषय जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण चूक झाली तर ती इथे महागात पडते. प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. तो नसलेली होडी गावाच्या नावाने चालू देऊ नका. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची वेगळी हवीत. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहायचं. कानापर्यंत येत असेल तर ते चालणार नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. होडी पाणी चढताना निघावी आणि ओहोटी लागल्यावर दीड तासाच्या आत जेट्टीला लागावी. उतरत्या पाण्यात ‘आणखी थोडं पुढे’ म्हणत गेलेली होडी गाळात बसली, की पुढची भरती येईपर्यंत चार-सहा तास तिथेच. त्या वेळी उतरून ढकलायला जाणं सर्वांत वाईट. गाळात मांडीपर्यंत पाय रुततो, आणि कालवांच्या कडा तळवा कापून काढतात. कुणी रुतलंच तर पाय ओढू नये. मागे रेलून अंगाचा भार पसरावा, फळी किंवा वल्हं आडवं टाकून त्यावर टेकावं आणि एकेक पाय हलवत सैल करावा. अशी एक रुंद फळी होडीत आणि एक जेट्टीवर कायम असू द्या.

पक्ष्यांच्या किती जवळ जायचं याला मीटरचा एकच आकडा लागू पडत नाही. ते पक्षीच सांगतात. चरणं थांबलं, माना वर झाल्या, सगळे एका दिशेने चालू लागले, की आपण फार जवळ आलो. तिथून होडी मागे घ्यायची. इंजिन बरंच आधी बंद करून पाण्याबरोबर वाहत जाता येतं; वल्ह्याची होडी असेल तर उत्तमच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्हवत कांदळवनाची सफर घडवतो. आपल्या गावातल्या महिलांना घेऊन ती सफर एकदा पाहून या.

शौचालय नसेल तर कुटुंब तासाभरात निघतं. भरतीच्या दोन्ही बाजूंचा वेळ धरला तर मुक्काम तीन-चार तासांचा होतो, आणि बायकांनी व मुलांनी तेवढा वेळ काढायचा कुठे? खाडीकाठी नवं शौचालय बांधून त्याचा निचरा पाण्यात सोडण्यापेक्षा जवळच्या दोन-तीन घरांशी ठरवा, त्यांना दर माणशी मोबदला द्या आणि फलकावर बाण दाखवा. पिण्याचं पाणी वीस लिटरच्या जारमध्ये ठेवा, बाटल्या विकू नका. नाश्ता भरतीनंतर. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, जे घरात होतं तेच. दर मात्र फलकावर लिहिलेले असावेत.

मुलांसाठी आडोशात नुसतं ‘गप्प बस’ पुरत नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं, म्हणून त्यांना आधी बांधाच्या पायथ्याशी न्या. तिथे निवट्या गाळावर उड्या मारत असतात, तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात, आणि एकच नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावत असतात. मग छोटा कोरल दाखवा. त्याची चोच खाली वाकलेली असते आणि या खेकड्यांची बिळंही वाकडी. तो मान तिरकी करून बिळाच्या वळणाने चोच आत सरकवतो, खेकडा बाहेर ओढतो, झटके देऊन नांगी नि पाय गाळून टाकतो, डबक्यात खळबळून घेतो आणि गिळतो. हे एकदा पाहिलेलं मूल पुढचा अर्धा तास प्रत्येक पक्ष्याची चोच पाहत बसतं: वर वळलेली उचाट्याची, सरळ लांब मालगुजाची, चपटी थापट्याची, आखूड चिखल्याची. कोणती चोच किती खोल जाते, एवढाच प्रश्न त्यांना द्या. गावातल्या एखाद्या कोळी आजोबांना किंवा कालवं काढणाऱ्या मावशींना हे सांगायला बसवा आणि त्यांना रोजचं मानधन द्या; गाळ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही.

फलकावर फ्लेमिंगो रंगवण्याचा मोह होईल. आपल्या खाडीत ते नेमाने येत असतील तरच रंगवा. त्यांचे मोठे थवे ठाणे खाडी, शिवडी, नवी मुंबई, उरण या पट्ट्यात असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाडीवर त्यांची आशा दाखवली तर माणसं नाराज होऊन जातात आणि समोरचा समुद्रगरुड पाहायचा राहून जातो. तुमच्याकडे जे आहे ते लिहा: लडाखच्या तळ्यांवर वीण करून आलेले तपकिरी डोक्याचे कुरव, सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेले तुतवार, बारमाही असलेले खंड्या आणि समुद्रबगळे. पुस्तकी नावांबरोबर गावातली नावंही लिहा.

काही गोष्टींना सरळ मनाई हवी. कुरवांना शेव-गाठ्या टाकणं आणि त्यासाठी पुड्या विकणं, दोन्ही बंद. तेलकट, खारट खाणं त्यांच्या उपयोगाचं नाही आणि होडीमागे लागण्याची सवय मात्र पडते. ड्रोन बंद, वरून येणारा तो पक्ष्याला घारीसारखा वाटतो. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला किंवा खडा मारणाऱ्याला तिथल्या तिथे परत पाठवण्याचा अधिकार गावच्या मार्गदर्शकाला ठरावाने द्या. उरलंसुरलं अन्न काठावर टाकू देऊ नका. त्यावर कुत्री जमतात आणि भरतीला विसावलेल्या पक्ष्यांमागे धावतात. एका भरतीला दोन होड्या आणि आडोशात पाऊण-पाऊण तासाच्या दोन तुकड्या, यापुढे बुकिंग घ्यायचं नाही.

हे सगळं केलं आणि पाणीच आत आलं नाही, तर काहीच उरणार नाही. खाजणातली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं बांधातलं दार, बंद पडली की आतलं पाणी साचून कुजतं किंवा आटतं. गाळातले जीव मरतात आणि पुढच्या हिवाळ्यात पक्षी त्या जागेवर उतरत नाहीत. रस्ता रुंद करताना मोऱ्या न ठेवता भराव टाकला तरी तेच होतं. पर्यटनाच्या नावाखाली वाहनतळासाठी पाणथळ बुजवणं तर सरळ आपल्याच पोटावर पाय आहे. गाड्या गावात, शाळेच्या मैदानावर किंवा देवळापाशी लागू द्या. तिथून लोक चालत येतील. उघाडीच्या झडपा वर्षातून दोनदा तपासण्याचं काम कुणाकडे आहे, हे पंचायतीच्या दप्तरात नावानिशी लिहिलेलं असावं. शेती पिकत असलेल्या खारजमिनीत खारं पाणी घ्यायला आम्ही सांगत नाही. जिथे शेती सुटलेली आहे आणि पाणी पूर्वीपासून ये-जा करतं, तिथली वाट तेवढी मोकळी ठेवा.

या हंगामासाठी वेळेचा हिशेब असा: खांबावरच्या रेघा आणि वही गणपतीनंतर लगेच सुरू करता येते. झापांचा आडोसा ऑक्टोबर संपण्याआधी उभा राहायला हवा, म्हणजे पक्ष्यांना तो सवयीचा होतो. डिसेंबरात बांधावर ठोकाठोक करू नका. शनिवार-रविवारची यादी दिवाळीपूर्वी फलकावर लावावी. मुलांच्या मापाची जॅकेटं आणि होडीचा परवाना हाती नसेल, तर या वर्षी होडी न काढता फक्त आडोसा चालवा. झाप दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलावे लागतात. तो खर्च ग्रामसभेत आत्ताच मंजूर करून ठेवावा, ही विनंती.

आपले,
कोकणच्या खाड्यांवर पक्षी पाहणारे काही पक्षीमित्र